बडोद्याच्या ‘चिमणाबाई’ : एक नाव, दोन महाराण्या आणि हरवलेली माहेरची नावे

बडोद्याच्या रावपुरा भागात एक घड्याळाचा मनोरा उभा आहे. १८९६ साली बांधलेल्या या मनोऱ्याला ‘चिमणाबाई टॉवर’ असे म्हणतात. त्याच शहरात सूरसागर तलावासमोर न्यायमंदिराची भव्य इमारत आहे. तिच्या दालनात महाराणी चिमणाबाईंचा पुतळा आहे. १९१४ साली स्त्रियांना घरबसल्या चार पैसे मिळवून देणारे काम शिकवण्यासाठी सुरू झालेली ‘महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय’ ही संस्थाही बडोद्याचीच. शहरात नवख्या आलेल्या माणसाला ही सारी एकाच राणीची स्मृतिचिन्हे वाटतात. प्रत्यक्षात मनोरा आणि न्यायमंदिर एका चिमणाबाईंच्या स्मृतीचे, तर उद्योगालय दुसऱ्या चिमणाबाईंच्या नावाचे. दोघीही महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या पत्नी. आणि जन्मतः दोघींपैकी एकीचेही नाव चिमणाबाई नव्हते.

मुलीच्या नावाचा अर्थ काय, ते कोठून आले आणि ते तिच्याजवळ किती काळ राहिले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बडोद्याच्या या एका नावातून मिळतात. मराठी समाजाने आपल्या लेकीसुनांच्या नावांचे काय केले, हेही त्यातून कळते.

‘चिमणा’ या शब्दाचे कूळ

‘चिमणा’ हे मराठीतील जुने विशेषण. अर्थ लहान, नाजूक, इवलासा. ‘चिमणे हात’, ‘चिमणी पावले’ असे आपण आजही सहज म्हणतो. ‘चिमुकला’, ‘चिमुरडा’ हे शब्द याच गोतावळ्यातले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही ‘चिमणा’चा अर्थ लहान असाच दिला आहे. अंगणात येणाऱ्या इवल्या पक्ष्यालाही मराठीने ‘चिमणी’च म्हटले. रॉकेलच्या काच नसलेल्या दिव्याला म्हणतात ती ‘चिमणी’ मात्र वेगळी. ती धुराड्याच्या इंग्रजी शब्दावरून आली आणि उच्चारसाम्यामुळे पाखराशेजारी येऊन बसली.

लाडाने धाकट्याला ‘चिमणा’ म्हणावे आणि पुढे तेच नाव चिकटावे, ही रीत मराठी घराण्यांत जुनी आहे. थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांना जुन्या कागदांत ‘चिमणाजी’ असेही म्हटलेले आढळते. १७३९ साली वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेणारे हे सेनानी गोमंतकीय वाचकाला अपरिचित नाहीत. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी ज्यांना पकडून कराचीस नेले ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे बंधूही ‘चिमासाहेब’ याच नावाने ओळखले जातात. म्हणजे ‘चिमणा’ हे नाव पराक्रमाला कमीपणा आणणारे नव्हते. त्यात वडीलधाऱ्यांचे वात्सल्य होते. त्याला आदरार्थी ‘बाई’ जोडले की ‘चिमणाबाई’ होते.

नाव गोड आहे यात शंका नाही. मात्र सासरी आलेल्या मुलीला ‘धाकुटी’ या अर्थाचे नाव मिळणे आणि आईने लेकराला लाडाने ‘चिमणे’ म्हणणे यांत अंतर आहे. एका ठिकाणी नाव मायेतून उमलते, दुसऱ्या ठिकाणी ते विधीने दिले जाते.

लक्ष्मी आणि गजरा

सयाजीराव स्वतः मूळचे गोपाळराव. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावातील हा शेतकरी घरचा मुलगा. १८७५ साली खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी त्यांना दत्तक घेतले आणि ते ‘सयाजीराव’ झाले. १८८० साली त्यांचा विवाह तंजावरच्या मराठा घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. तंजावरचे मराठा राज्य पंचवीस वर्षांपूर्वीच, १८५५ मध्ये, इंग्रजांनी खालसा केले होते. तरी तेथील कलापरंपरा जिवंत होती. या विवाहाबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादकांचा ताफा बडोद्यास आला. ज्या नृत्याला आज आपण भरतनाट्यम म्हणतो, ते पश्चिम भारतात रुजण्याचा एक मार्ग या लग्नाच्या वऱ्हाडातून गेला.

बडोद्यास आल्यावर लक्ष्मीबाईंना ‘चिमणाबाई’ हे नाव मिळाले. १८८३ साली युवराज फत्तेसिंहराव यांचा जन्म झाला. १८८५ मध्ये क्षयाने लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संसार पाच वर्षांचा. महाराजांनी त्यांच्या आठवणीसाठी पुढे ज्या वास्तूंना नाव दिले, त्यांवर ‘लक्ष्मी’ नव्हे तर ‘चिमणाबाई’ हीच अक्षरे कोरली गेली.

त्याच वर्षाच्या अखेरीस सयाजीरावांचा दुसरा विवाह झाला. वधू देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई. वय तेरा-चौदा वर्षांचे. त्यांनाही राजवाड्यात नाव मिळाले ते ‘चिमणाबाई’. एकीच्या निधनाने मोकळे झालेले नाव काही महिन्यांतच दुसरीला देण्यात आले. इतिहासाच्या पुस्तकांना मग ‘पहिल्या’ आणि ‘दुसऱ्या’ असे क्रमांक लावावे लागले.

‘गजरा’ म्हणजे केसांत माळायची फुलांची वेणी. फुले आणि दागिने यांवरून मुलींची नावे ठेवण्याची मराठी घरांत जुनी हौस आहे. शेवंती आणि गुलाब ही नावे फुलांची, तर पुतळा हे नाव माणसाची आकृती उठवलेल्या सोन्याच्या नाण्यावरून आले. अशा नाण्यांची ती पुतळ्यांची माळ. ‘लक्ष्मी’ हे नाव मात्र संस्कृत. ‘लक्ष्म’ म्हणजे खूण, चिन्ह. शुभचिन्हापासून समृद्धीच्या देवतेपर्यंत या शब्दाचा प्रवास झाला. जमनाबाईंच्या नावात ‘यमुना’ आहे. संस्कृतातील आरंभीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ होतो. त्यामुळे यमुनेची ‘जमुना’ आणि पुढे ‘जमना’ झाली. याच वाटेने ‘यात्रे’ची ‘जत्रा’ झाली, जिला गोव्यात आपण ‘जात्रा’ म्हणतो.

ताटातले तांदूळ आणि अंगठी

नाव बदलण्याचा हा विधी मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. नववधू माप ओलांडून घरात येते. लक्ष्मीपूजन होते. ताटात तांदूळ पसरतात आणि वर सोन्याच्या अंगठीने तिचे नवे नाव लिहितो. मग ते सर्वांना ऐकवले जाते. पेढे किंवा साखर वाटली जाते. सुनेला घरची लक्ष्मी मानायचे आणि तिच्याकडून त्या घराचा नवा जन्म सुरू करायचा, असा त्यामागचा भाव. तंजावरच्या कन्येच्या बाबतीत योगायोग असा, की जी जन्मतःच लक्ष्मी होती तिचेच नाव सुनेला लक्ष्मी मानणाऱ्या परंपरेत बदलले गेले.

याचा परिणाम इतिहासात पानोपानी दिसतो. यमुना कुर्लेकर या मुलीचे १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याशी लग्न झाले आणि ती रमाबाई रानडे झाली. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. मनकर्णिका गोखले या लक्ष्मीबाई टिळक झाल्या. झाशीच्या मणिकर्णिकाही लक्ष्मीबाई झाल्या. गोदूबाई जोशी या विधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुनर्विवाहासारखे धाडसी पाऊल उचलणाऱ्या सुधारकाच्या घरीसुद्धा नाव बदलण्याची रीत सुटली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मूळ गाव मंगेशी असलेल्या दीनानाथ मंगेशकरांच्या पत्नी माई मंगेशकर या माहेरच्या शेवंती. लग्नानंतर त्या शुद्धमती झाल्या. त्यांच्या थोरल्या लेकीचे पाळण्यातील नाव हेमा. वडिलांच्या ‘भावबंधन’ नाटकातील लतिका या पात्रावरून तिचे नाव पुढे लता झाले आणि ते जगभर गेले.

येथे एक आक्षेप उचित ठरेल. सयाजीरावांचेही नाव बदललेच होते की! गोपाळरावांना कोठे कोणी विचारले? हे खरे आहे. राजवाड्यात नाव व्यक्तीचे नसते, गादीचे असते. पुरुषाला पूर्वजाचे नाव मिळाले तेव्हा त्याबरोबर राज्य मिळाले. ‘सयाजीराव’ या नावापुढे ‘तिसरे’ हा क्रमांक लागतो, तो त्या वारशाचीच निशाणी आहे. चिमणाबाईंच्या नावापुढचा ‘दुसऱ्या’ हा क्रमांक मात्र वारसा सांगत नाही. एकाच पुरुषाच्या संसारातील त्यांची पाळी कितवी, एवढेच तो सांगतो. शिवाय कवळाण्याचे गोपाळराव ही ओळख सयाजीरावांच्या प्रत्येक चरित्रात अभिमानाने येते. तंजावरच्या लक्ष्मीचे नाव सांगायला मात्र शोध घ्यावा लागतो.

नाव दिलेले, ओळख मिळवलेली

दुसऱ्या चिमणाबाईंनी त्या नावाला आपल्या कर्तृत्वाने वेगळे वजन दिले. लग्नानंतर त्यांचे शिक्षण झाले. १९११ साली भारतीय स्त्रीजीवनातील स्त्रीचे स्थान या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक एस. एम. मित्रा यांच्या सहलेखनाने प्रसिद्ध झाले. परदेशांतील स्त्रियांच्या संस्था कशा चालतात, भारतीय स्त्रियांना कोणते व्यवसाय करता येतील, याची मांडणी त्यात आहे. मुखपृष्ठावर लेखिकेचा निर्देश ‘बडोद्याच्या महाराणी’ असा, म्हणजे पुन्हा पदानेच झाला. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच्या अध्यक्षस्थानी याच चिमणाबाई होत्या. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्र्याहत्तर वर्षे त्यांनी हे दिलेले नाव वागवले. आज संदर्भग्रंथांत आणि समाजमाध्यमांवर पहिल्या चिमणाबाईंच्या स्मारकांचे श्रेय दुसरीला आणि दुसरीच्या कार्याचे श्रेय पहिलीला दिलेले दिसते, त्याचे मूळ या एकाच नावात आहे. पाच वर्षांच्या संसारात गेलेली तरुण आई आणि स्त्रीचळवळीचे नेतृत्व करणारी महाराणी, या दोन सर्वस्वी भिन्न आयुष्यांची नावाने सरमिसळ केली.

इंदिरा, ग्वाल्हेर आणि गोव्याची लेक

१८९२ साली दुसऱ्या चिमणाबाईंना कन्या झाली. तिचे नाव ठेवले इंदिरा. ‘इंदिरा’ हेही लक्ष्मीचेच एक नाव. इंदिराराजेंचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी त्यांची कूचबिहारचे राजकुमार जितेंद्र नारायण यांच्याशी भेट झाली. त्यांनी ठरलेले लग्न स्वतः पत्र लिहून मोडले. त्या काळी साऱ्या संस्थानी जगात या गोष्टीची चर्चा झाली. १९१३ मध्ये लंडनमध्ये ब्राह्म पद्धतीने त्यांचा जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह झाला. मराठी ‘राजे’ जाऊन बंगाली ‘देवी’ आली, पण ‘इंदिरा’ तशीच राहिली. ज्या मुलीने वर स्वतः निवडला तिचे नावही तिच्याजवळ राहिले.

या कथेला एक गोमंतकीय धागा आहे. बडोद्याचे स्थळ मोडल्यानंतर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुसरा विवाह केला तो गोव्यातील राणे घराण्यातील कन्येशी. ग्वाल्हेरच्या इतिहासात त्या ‘गजराराजे’ म्हणून ओळखल्या जातात. इंदिराराजेंच्या आईचे माहेरचे जे नाव बडोद्यात पुसले गेले, तेच ग्वाल्हेरात गोव्याच्या लेकीबरोबर मानाने नांदले. १९४६ साली स्थापन झालेले ग्वाल्हेरचे ‘गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय’ आजही तिच्या नावाने चालते.

गजराराजेंच्या मुलांची नावेही काळाची साक्ष देतात. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यावरून ती ‘जॉर्ज जिवाजीराव’ आणि ‘मेरी कमलाराजे’ अशी ठेवली गेली. या जिवाजीरावांशी १९४१ मध्ये विवाह झालेल्या लेखा दिव्येश्वरी या ‘विजयाराजे’ झाल्या. पुढे राजमाता म्हणून साऱ्या देशाला त्या परिचित होत्या. लेखा हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

इंदिरादेवींच्या कन्येची कथा अधिकच मनोरंजक. १९१९ च्या मे महिन्यात लंडनमध्ये तिचा जन्म झाला. आई त्या वेळी रायडर हॅगार्ड यांची ‘शी’ ही कादंबरी वाचत होती. तिची नायिका आयेशा. मुलगी झाली तर हेच नाव ठेवायचे, असे इंदिरादेवींनी ठरवले होते. हे मुसलमान स्त्रियांत रूढ असलेले नाव आहे, याची आठवण नंतर झाली. मग ‘गायत्री’ हे नाव ठेवण्यात आले. तरीही जवळच्या मंडळींत ती आयुष्यभर आयेशाच राहिली. हीच पुढे जयपूरची महाराणी गायत्रीदेवी. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. ‘गायत्री’ हे ‘गै’ म्हणजे गाणे या धातूपासून आलेले, चोवीस अक्षरांच्या वैदिक छंदाचे नाव. ‘आयेशा’ हा अरबी शब्द, अर्थ जिवंत, चैतन्यमय. एकाच मुलीच्या दोन नावांत दोन संस्कृती आनंदाने राहिल्या.

दूरदेशीची एक कन्या

राजवाड्यात गेलेल्या मुलीचे नाव हरवण्याची रीत केवळ आपल्याकडची नाही. सोळाव्या शतकात आजच्या युक्रेनच्या भूभागातून पळवून नेलेली एक मुलगी इस्तंबूलच्या जनानखान्यात पोहोचली. तेथे तिला ‘हुर्रेम’ म्हणजे आनंदी हे फारसी नाव मिळाले. ती सुलतान सुलेमानची पत्नी झाली आणि तुर्की साम्राज्यातील सर्वांत प्रभावी स्त्रियांत गणली गेली. युरोपात ती ‘रोक्सेलाना’ म्हणून ओळखली जाते. त्याचा अर्थ रुथेनियाची स्त्री, म्हणजे केवळ मुलुखाची खूण. माहेरचे नाव अनास्तासिया की अलेक्सांद्रा, याविषयी परंपरा वेगवेगळी नावे सांगते. युक्रेनमध्ये आजही लोकप्रिय असलेल्या ‘ओक्साना’ या मुलीच्या नावाचा उगम ग्रीक ‘झेनिया’त आहे. त्या शब्दाच्या मुळाशी पाहुणा आणि परका असे दोन्ही अर्थ आहेत. मुलीला ‘परक्याचे धन’ म्हणणाऱ्या मराठी कानांना ही छटा ओळखीची वाटावी.

कागदावरचे ‘उर्फ’

आज कायद्याने विवाहानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही. पारपत्रासाठीही लग्नानंतर नाव बदलणे आवश्यक नाही, हे पंतप्रधानांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले. गोव्यात तर या प्रश्नाला वेगळे परिमाण आहे. येथील समान नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि जमिनीच्या व्यवहारात पत्नीची सहीही लागते. जन्मनोंद एका नावाची, विवाहानंतरचे नाव दुसरे, घरात हाक मारायचे तिसरे. अशा वेळी दस्तऐवजांत ‘उर्फ’ लिहून एकाच स्त्रीची दोन-तीन नावे जोडावी लागतात. वारसा ठरवताना आजीचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे करण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते. नाव आणि आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० पासून स्वतंत्र कायदा आहे. वृत्तपत्रांतील नावबदलाच्या जाहिराती वाचकांच्या रोजच्या परिचयाच्या आहेत.

ताटातील तांदळावर नाव लिहिण्याचा विधी पुष्कळ घरांत आजही हौसेने होतो. अनेक मुली आपलेच नाव पुन्हा लिहून घेतात, काहींना नवे नाव मनापासून आवडते. निवड तिची असेल तर त्यात वावगे काही नाही. बडोद्याच्या लक्ष्मीला आणि गजरेला ही निवड करता आली नाही, हा फरक महत्त्वाचा आहे.

बडोदे शहरानेही अनेक नावे पाहिली. वडाच्या गर्द झाडीवरून ‘वटोदर’, त्यावरून ‘वडोदरा’, मराठीत ‘बडोदे’, इंग्रजांच्या तोंडी ‘बरोडा’ आणि १९७४ पासून अधिकृतपणे पुन्हा ‘वडोदरा’. शहराला त्याचे जुने नाव परत मिळाले. २०१८ साली याच शहरात एक्क्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा सयाजीरावांच्या मराठी प्रेमाचे स्मरण सर्वांनी केले. ते योग्यच होते.

घराघरांतील वंशावळींकडे पाहिले तर त्यांत पुरुषांच्या सात-आठ पिढ्या नावानिशी सापडतात. स्त्रिया बहुधा केवळ सासरच्या नावाने, तर कित्येकदा ‘अमक्याची पत्नी’ एवढ्याच नोंदीने उरतात. आजी-पणजीचे पाळण्यातील नाव ठाऊक असलेली वडीलधारी माणसे अजून अनेक घरांत आहेत. त्यांना विचारून ते नाव आणि माहेरचे गाव वंशावळीत लिहून ठेवण्यास फारसा वेळ लागत नाही. ती माणसे गेल्यानंतर मात्र हे नाव सांगणारे कोणी उरणार नाही.